कोलंबियातील बाक

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. मुदत तीन वर्षांची. आपण या काळातील पदव्या मोजतो. मला मात्र तिथला रोजचा दिवस अधिक मोलाचा वाटतो.

साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. शिपाई नसला तर पाणी नाही. कोलंबिया विद्यापीठात सर्वांच्या रांगेत बाक मिळाला. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राची सोबत होती. शिकवायला सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक होते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. गोणपाटावर बसवलेला मुलगा आता जातिव्यवस्थेचीच उलटतपासणी घेत होता!

म्हणून अमेरिकेला स्वर्ग ठरवण्याचे कारण नाही. तिच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि १८९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा त्याला आधार होता. पाहुण्याला मिळालेला बाक घरच्या लेकराला नाकारलेला होता.

आणि मायदेशी? १९१७ मध्ये बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर दुरूनच कागद फेकत. पदवी समुद्र ओलांडून आली. बाक तिकडेच राहिला.

परदेशी शिकायला जाणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे. तिथे आपल्या शेजारी कोण बसते ते पाहावे, आणि दाराबाहेर कोण राहते तेही. परतल्यावर हाच प्रश्न गावच्या शाळेला विचारावा.