खालून वर पाहणारा कॅमेरा

आलिशान हॉटेलच्या दारात एक म्हातारा दरवान उभा आहे. अंगात पायघोळ कोट, त्यावर पितळी बटणांच्या रांगा, गालांवर पसरलेल्या भरघोस मिशा. कॅमेरा त्याच्या छातीच्याही खालून त्याच्याकडे पाहतो आणि तो माणूस एखाद्या सेनापतीसारखा दिसतो. पुढे व्यवस्थापक वयाचं कारण सांगून त्याचा तो कोट काढून घेतात आणि तळघरातल्या स्वच्छतागृहात टॉवेल देण्याच्या कामावर त्याची रवानगी करतात. आता त्याची पाठ वाकलेली असते आणि कॅमेरा वरून खाली पाहू लागतो. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा हा जर्मन चित्रपट १९२४चा, इंग्रजीत ‘द लास्ट लाफ’ म्हणून ओळखला जाणारा. दरवान झालेले एमिल यानिंग्स, कॅमेऱ्यामागे कार्ल फ्रॉइंड. मूकपट असूनही त्यात संवादांच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. या माणसाचं काय झालं हे बरंचसं कॅमेऱ्याच्या उंचीवरून कळतं.

खालून पाहिलं की माणूस मोठा आणि वरून पाहिलं की छोटा, हा नियम चित्रपटाच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात सापडतो. मला तो अपुरा वाटतो. कॅमेरा खाली जातो तेव्हा समोरच्या माणसापेक्षाही त्याच्याकडे पाहणाऱ्याची जागा ठरत असते. मुर्नाऊचा दरवान मुळात मोठा नाहीच. चाळीतले शेजारी त्याच्या कोटाला सलाम करतात आणि पहिल्या भागात आपण त्या शेजाऱ्यांच्या नजरेनं त्याला पाहतो. म्हणून कोट गेल्यावर तेच शेजारी हसतात, तेव्हा ते हसू आपल्यालाही लागतं.

सुरुवातीच्या कॅमेऱ्याला अशी जागा नव्हती. तो तिकाठीवर, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असे, कारण हँडल हातानं फिरवावं लागे. समोर जे घडे ते नाटकाच्या पहिल्या रांगेतून दिसावं तसं दिसे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) याच नजरेचा. फाळक्यांनी लंडनहून आणलेला कॅमेरा विल्यमसन बनावटीचा होता. हे जेम्स विल्यमसन इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या होव्ह गावचे, आधी स्वतः चित्रपट करणारे. १९०१मध्ये त्यांनी मिनिटभराचा एक चित्रपट केला होता. त्यात फोटो काढला जातोय म्हणून चिडलेला गृहस्थ कॅमेऱ्याच्या जवळ जवळ येत जातो, त्याचं तोंड अख्खी चौकट व्यापतं आणि तो कॅमेऱ्यासकट फोटोग्राफरला गिळून टाकतो. फाळक्यांनी तो पाहिला होता की नाही, हा मुद्दा नाही. पण माणूस आणि भिंग यांच्यातलं अंतर हा स्वतंत्र खेळ आहे, हे त्यांनाही उमगलं होतं. ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) सुरुवातीला त्यांनी आपल्या लहानग्या मुलीचा, मंदाकिनीचा, नुसता चेहरा दाखवला, एकामागून एक बदलणारे भाव टिपत. आधी ही मुलगी ओळखीची करून दिली, तिनं साकारलेला कृष्ण नंतर.

जर्मन वळण मराठी पडद्यावर आलं ते प्रभात फिल्म कंपनीमधून. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. परतल्यावर पुण्याच्या नव्या स्टुडिओत त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) केला. राजानं बळी देण्याची प्रथा बंद केली म्हणून त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू ही त्यातली मुख्य शक्ती. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दात्यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. लांब पल्ल्याचं भिंग लावून शांतारामांनी राजगुरूचा डोळा पडदाभर आणला. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला पळायला जागाच उरत नाही. त्या राज्यातल्या प्रजेलाही ती नव्हती.

दोनच वर्षांनी त्याच प्रभातमधून ‘संत तुकाराम’ (१९३६) आला. दामले-फत्तेलालांचा कॅमेरा विष्णुपंत पागनीसांसमोर बहुतेक वेळ सरळ नजरेच्या पातळीवर राहतो. तुकोबांना मोठं करण्यासाठी कॅमेऱ्याला खाली बसवायचा मोह किती सहज होण्यासारखा होता! तो टाळल्यामुळेच कीर्तनाला शेजारी मांडी घालून बसल्यागत आपण त्या माणसाकडे पाहतो. मला हा निर्णय शांतारामांच्या डोळ्याइतकाच मोठा वाटतो.

तो मोह कुठवर जाऊ शकतो, हे त्याच काळात जर्मनीत दिसलं. न्यूरेंबर्गच्या १९३४च्या नाझी मेळाव्यावर लेनी रीफेनस्टालनं ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ केला. ध्वजस्तंभाला लिफ्ट बसवून कॅमेरा वर नेला, त्यामुळे खालची माणसं नुसत्या रांगा होऊन गेली. आणि हिटलरकडे पुन्हा पुन्हा खालून पाहिलं, पाठीमागे मोकळं आकाश ठेवून. प्रेक्षकाला गर्दीत उभं केलं जातं आणि मान वर करण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला जात नाही. मुर्नाऊनं शेजाऱ्यांची भक्ती दाखवून मग ती उघडी पाडली. इथे तीच युक्ती भक्ती तयार करण्यासाठी राबते. तंत्र एकच, पण पाहणाऱ्याला विचार करायला सवड देणं आणि ती हिरावून घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९४१मध्ये ऑर्सन वेल्स आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी ‘सिटिझन केन’साठी कॅमेरा इतका खाली नेला की सेटची जमीनच फोडावी लागली. इतक्या खालून पाहिलं की छत चौकटीत येतं, आणि स्टुडिओच्या सेटला तर छत नसे. दिवे आणि माइक वर टांगलेले असत. म्हणून पातळ कापडाची छतं ताणली, माइक त्यांच्या मागे लपवले. निवडणूक हरल्यावर केन आपल्या ओसाड प्रचार कार्यालयात येतो आणि जुना मित्र लेलंड दारूच्या नशेत त्याला चार गोष्टी सुनावतो, तो प्रसंग पाहावा. पायांच्या पातळीवरून केन प्रचंड दिसतो, पण माथ्यावर छत टेकल्यासारखं आहे, आणि तो हरलेला आहे. या जागेवरून त्याला पाहणारं कोणीच नाही. जमिनीखालून कोण पाहणार? म्हणूनच दरारा वाटायच्या ऐवजी गुदमरल्यासारखं होतं. पुस्तकातला नियम इथे साफ उताणा पडतो.

कॅमेरा खाली असणं आणि त्यानं मान वर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जपानच्या यासुजिरो ओझूंनी दाखवलं. ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाहूनही खाली असतो, पण पाहतो समोर, सरळ. कोणी मोठं होत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आईवडिलांसोबत आपण नुसते बसून राहतो.

आपल्याकडे खालच्या कॅमेऱ्याची सगळ्यांना पाठ असलेली उदाहरणं ‘शोले’तली (१९७५). बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांवर छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी डाकू गब्बरला आधी बुटांतच आणलं. दगडावर पडणारी पावलं, हातातून लोंबणारा, खडकावर घासणारा पट्टा; चेहरा नंतर. लोक म्हणतात, गब्बर त्यामुळे भयंकर वाटला. पण रामगढहून हात हलवत परतलेले तीन डाकू समोर उभे आहेत आणि त्यांना मान वर करायची हिंमत नाही, म्हणून आपल्यालाही बूटच दिसतात. ती भीती आधी त्या तिघांतल्या कालियाची आहे, मग आपली. आणि ती आपल्यात मुरली की गब्बर हसला तरी आपण हसत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) पाहणाऱ्याची ही जागाच धोक्यात येते. शाळेजवळ डुक्कर पकडायला लावलेलं कैकाडी कुटुंब, कडेनं हसत उभी असलेली पोरं, आणि डुक्कर बांधलेली काठी खांद्यावरून नेताना मागे भिंतीवर दिसणारी आंबेडकरांची, सावित्रीबाईंची चित्रं. त्या क्षणी या कुटुंबातल्या जब्याला मोठं करायला कॅमेरा खाली बसत नाही, त्याची कीव यावी म्हणून वरही चढत नाही. माणसं आणि भिंत एकाच चौकटीत राहतात आणि हसणाऱ्या गर्दीत आपणही आहोत, हे हळूहळू लक्षात येत जातं. शेवटी चिडवणाऱ्यांवर दगड मारणारा जब्या एक दगड सरळ कॅमेऱ्यावर भिरकावतो. विल्यमसनच्या गृहस्थानं कॅमेरा गिळला तेव्हा प्रेक्षक हसले असतील. जब्याचा दगड मात्र पाहणाऱ्यांनाच लागावा म्हणून फेकलेला आहे.