पसंतीक्रम

माझा पारोळ्याचा भाचा बारावीनंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी कॉलेजांची यादी करीत होता. त्याने विचारले, "मामा, पुण्याचे कॉलेज पहिले टाकले आणि ते मिळाले नाही, तर तोवर जळगावचेही भरून जाईल ना?" या भीतीपोटी त्याने जळगाव पहिले टाकले होते. शंका खुळी नव्हती. ती त्याला घरातूनच मिळालेली होती.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, तरी पारोळ्याच्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे कित्येक वर्षे जवळपास कॉलेज नव्हते. पुण्याचे फर्ग्युसन (१८८५) किंवा नाशिकचे हंसराज प्रागजी ठाकरसी (१९२४) गाठायचे, तर धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मनमाड असा प्रवास. गुणांपेक्षा कोणत्या शहरात नातेवाईक राहतो आणि खानावळीचे पैसे कोण भरणार, यावरच बहुधा कॉलेज ठरे. १९४५ साली अमळनेरला प्रताप आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले. अमळनेर तर पारोळ्यापासून जेमतेम वीस किलोमीटर! आता निवडीला थोडा वाव आला.

पण अर्ज प्रत्येक कॉलेजात वेगळा. मूळ गुणपत्रिका एकीकडे अडकली की दुसरीकडे दाखवायला काही उरत नसे. त्यामुळे हातची जागा सोडू नये, हे शहाणपण वडीलधाऱ्यांनी अनुभवाने शिकून पुढे दिले.

या कोंडीवर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या गणितज्ञांनी १९६२ साली एक लहानसा निबंध लिहिला. त्यांची रीत अशी : प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. कॉलेज त्यांतले सरस अर्ज तात्पुरते ठेवून बाकीचे परत करते. परतलेले विद्यार्थी दुसऱ्या पसंतीकडे जातात आणि तिथे आधीच्या तात्पुरत्यांपैकी कमी गुणांचा असेल तो बाहेर पडतो. जागा शेवटपर्यंत पक्की होतच नसल्याने उशिरा पोचणाऱ्याचे नुकसान होत नाही. शॅप्ले यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आयआयटी आणि एनआयटीचे संयुक्त प्रवेश २०१५ पासून याच रीतीने होतात.

सर्वांसाठी गुणवत्ता यादी एकच असेल, तर हिशेब आणखी सोपा होतो. भाच्याचा क्रमांक आला की संगणक त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. पुणे भरलेले असेल, तर त्याच क्षणी पुढचे नाव पाहिले जाते. मधल्या वेळात जळगावची जागा कोणी नेत नाही. तोवर ती गेलेली असेल, तर त्याच्याहून वरच्या क्रमांकाच्या मुलांना, आणि ती त्याने काहीही लिहिले असते तरी गेलीच असती. हे एका फेरीपुरते खरे. मिळालेली जागा सोडून पुढच्या फेरीत जाता येते का, हे नियम बदलत असतात. माहितीपुस्तिका शिक्षकांनी मुलांबरोबर बसून वाचावी.

भाच्याने पुणे वर घेतले. मग त्याच्या आईने वसतिगृहाचा खर्च विचारला, आणि यादी पुन्हा नव्याने लिहायला घेतली.