सरफोजींचे तेल आणि सरफोजींची वही



तंजावरवरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत देऊळ पाहिले, राजवाडा पाहिला, सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज बोलायचे आहे डोक्यावरच्या केसांविषयी. विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच दिलेला आहे. गेल्या काही महिन्यांत बंगळूर, इंदूर, बेळगाव, नाशिक अशा अनेक ठिकाणांहून तुम्ही मला एकाच धर्तीच्या जाहिराती पाठवल्या. तंजावरच्या मराठा राजाचे गुप्त तेल, दोनशे वर्षांची परंपरा, तीन महिन्यांत टकलावर केस. आणि खाली प्रश्न: "कर्नलसाहेब, हे खरे का?"

मी डॉक्टर नाही. पायदळात आयुष्य गेले, निवृत्तीनंतर इतिहासाच्या मागे लागलो. पण हा प्रश्न अर्धा इतिहासाचा आहे आणि अर्धा वैद्यकाचा, म्हणून दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे पाहू.

आधी राजा कोण ते सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. त्याच गादीवर १७९८ मध्ये सरफोजी दुसरे बसले. जन्म १७७७ चा. तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले, पण १७८७ मध्ये तुळजाजी वारले आणि गादी अमरसिंगांकडे गेली. या अडचणीच्या वर्षांत मुलाचा सांभाळ आणि शिक्षण ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने पाहिले. गादी मिळाली खरी, पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, पेन्शन आणि रिकामा वेळ. अशा अवस्थेत अनेक संस्थानिकांनी काय केले ते आपण जाणतो. सरफोजींनी ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना काढला, शाळा काढल्या आणि धन्वंतरी महाल उभा केला.

धन्वंतरी महाल म्हणजे दवाखाना आणि अभ्यासाची जागा एकत्र. आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध पद्धतीचे तमिळ वैद्य, युनानी हकीम आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक तिथे एका छपराखाली काम करत. उपाय रोग्यांवर वापरून पाहायचा आणि उपयोगी ठरला तर नोंदवायचा, असा परिपाठ होता. अशा अनुभवसिद्ध उपायांची पुढे तमिळ पद्यात रचना झाली, म्हणजे वैद्याला ते पाठ करता यावेत. सरफोजींचे संस्कृत नाव शरभेंद्र. म्हणून हे ग्रंथ 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ओळखले जातात. 'मुरै' म्हणजे पद्धत. सरस्वती महालाने ते रोगवार छापले आहेत. गुप्त ठेवलेले त्यात काहीही नाही. जाहिरातीतला 'गुप्त' हा शब्द इथेच निकालात निघाला.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे रोग्यांच्या नोंदी. १८२० च्या दशकातील, डोळ्यांच्या रोग्यांची चाळीसहून अधिक नोंदपत्रे सरस्वती महालात सापडली. मॅकबीन नावाचा इंग्रज डॉक्टर त्या कामात होता. रोग्याची तक्रार काय, तपासणीत काय दिसले, काय केले, हे त्यांत लिहिलेले आहे आणि सोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. आज आपण फोटो काढून फाइलला लावतो, तेच काम तिथे चितारी करत होता. लक्षात घ्या, ही पत्रे डोळ्यांची आहेत, केसांची नव्हेत. 'राजाने टकलावर सिद्ध केलेले तेल' असे म्हणायला त्यांत आधार नाही.

मग त्या काळच्या वैद्याला केसांच्या रोगाविषयी काय माहीत होते? बरेच माहीत होते. सुश्रुताने क्षुद्ररोगांत इंद्रलुप्त सांगितले आहे. पित्त आणि वात केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतात, मग कफ आणि रक्त ती रंध्रे बंद करतात, म्हणून नवा केस उगवत नाही, अशी त्याची मांडणी आहे. वाग्भटाने पुढचे पाऊल टाकले. इंद्रलुप्तात केस एकदम जातात आणि खालित्यात क्रमाक्रमाने जातात, असा भेद त्याने केला. कोंड्याला दारुणक आणि डोक्यावरच्या पुवाच्या फोडांना अरुंषिका ही वेगळी नावे दिली. म्हणजे केस गेले की सगळ्यांना एकच तेल, असे त्यांनीही मानले नव्हते. आधी रोग कोणता ते ओळखा, मग औषध.

लोकभाषेतली नावे तर फार गमतीची आहेत. डोक्यावर किंवा दाढीत अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, त्याला आपण मराठीत चाई म्हणतो. काही भागांत उंदरी म्हणतात, जणू रात्री उंदराने केस कुरतडले. तंजावरचा तमिळ माणूस त्यालाच 'पुळुवेट्टू' म्हणतो, म्हणजे किडीने कापलेले. ग्रीकांचा 'अॅलोपेशिया' हा शब्द कोल्ह्यावरून आला आहे, खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस जातात म्हणून. उंदीर, कीड, कोल्हा. तीन मुलखांत तीन प्राणी, पण समजूत एकच, की बाहेरून कोणीतरी येऊन केस खाल्ले.

आज कळलेली गोष्ट उलटी आहे. चाईत कीडही नसते आणि जंतूही नसतो. शरीराचे स्वतःचे संरक्षण-दळच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. फौजी भाषेत सांगायचे तर आपल्याच तोफांचा मारा आपल्याच चौकीवर. म्हणूनच चाई संसर्गजन्य नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आमच्या पलटणीत एका जवानाला चाई झाली होती. बराकीत कुजबुज सुरू झाली, कोणी त्याच्या खाटेशेजारी झोपेना, न्हाव्याने त्याला शेवटी बसवायला सुरुवात केली. तो जेवतानाही टोपी काढत नसे. एमआय रूमच्या डॉक्टरांनी सर्वांसमोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, "हे लागत नाही." त्या एका वाक्याने जे झाले ते कोणत्याही तेलाने झाले नसते.

जुने उपचार कसे होते? चट्ट्यावर बारीक टोचून रक्त काढायचे, मग झोंबणारे लेप लावायचे. मोरचूद, मिरी, कण्हेर, चित्रक, गुंज ही द्रव्ये संस्कृत ग्रंथांत येतात. हस्तिदंत जाळून केलेली मशीही येते. गुंज आणि कण्हेर विषारी आहेत, हे विसरून घरी प्रयोग करू नका. तमिळ घरांत आजही पुळुवेट्टूवर छोटा कांदा चोळतात आणि केसांना करिसलांकण्णीचे तेल लावतात. करिसलांकण्णी म्हणजे आपला माका. नाव बदलले तरी झाड तेच.

यांतल्या कांद्याची परीक्षा झालेली आहे. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाईच्या २३ रोग्यांना कांद्याचा रस आणि १५ रोग्यांना साधे पाणी लावायला दिले. सहा आठवड्यांत रसवाल्यांपैकी २० जणांना केस आले, पाणीवाल्यांपैकी आठ आठवड्यांतही फक्त दोघांना. अभ्यास छोटा आहे आणि वासामुळे कोणाला काय मिळाले ते लपणारे नव्हते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण पद्धत पाहा. काहींना औषध, काहींना पाणी, दोघांचीही नोंद.

पाणीवाले कशाला हवेत? इथे सगळ्या जाहिरातींचे मर्म आहे. चाईचा छोटा चट्टा पुष्कळांत वर्षभरात आपोआप भरतो. मोठा ताप, डेंगी, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतात. त्या काळात तुम्ही जे तेल लावाल त्याला श्रेय मिळते. विकणारा खोटारडाच असतो असे नाही, बहुतेकदा त्याचाही विश्वास बसलेला असतो. त्याच्याकडे फक्त वही नसते. ज्यांचे केस आले नाहीत ते परत सांगायला येत नाहीत.

वहीचा उपयोग काय, याचे आणखी एक उदाहरण देतो. मिनॉक्सिडिल हे मूळ रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले. डॉक्टरांनी ती तक्रार म्हणून नोंदवली, आणि त्या नोंदीतून टकलावर लावायचे औषध निघाले. अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाईच्या तीव्र प्रकारासाठी तिथे पहिले पोटात घ्यायचे औषध, बॅरिसिटिनिब, २०२२ मध्ये मान्य झाले. दोन्ही औषधांना मर्यादा आहेत, दुष्परिणाम आहेत, आणि तेही लिहून ठेवलेले आहेत.

आता कामाचे बोलू. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ आधी प्रश्न विचारतात. कधीपासून, एकदम की हळूहळू, तीन महिन्यांपूर्वी काय झाले, घरात कोणाला टक्कल आहे, कोणती औषधे चालू आहेत. वाग्भटाचा 'एकदम की क्रमाने' हा प्रश्न आजही पहिल्या काही प्रश्नांत आहे. मग थोडे केस हलके ओढून पाहतात, भिंगाने टाळू तपासतात, गरज पडली तर रक्तातले लोह आणि थायरॉइड पाहतात. घट्ट वेणी किंवा घट्ट अंबाड्याने कपाळाकडचे केस गेले असतील तर पहिला उपाय केस सैल बांधणे, आणि तो फुकट आहे.

दोन ठिकाणी मात्र उशीर परवडत नाही. पहिले, लहान मुलांच्या डोक्यावरचे खवडे. खपली, तुटके केस, कधी पू भरलेली मऊ सूज. पुष्कळदा ही बुरशी असते, आणि ती लागते. ती केसाच्या आत शिरलेली असते, म्हणून वरून तेल चोपडून जात नाही. पोटातून काही आठवडे औषध द्यावे लागते. वेळ गेला तर व्रण राहतो आणि तिथे केस कधीच येत नाहीत. दुसरे, मोठ्या माणसाच्या टाळूवर आग, दुखणे, लाली आणि चकचकीत व्रणासारखी त्वचा. तिथे केसांची मुळेच मरत असतात. 'तीन महिने वापरून पाहा' म्हणणाऱ्या बाटलीची खरी किंमत छापील किमतीत नसते, या तीन महिन्यांत असते.

तेव्हा माझे उत्तर असे. माक्याचे तेल आवडत असेल तर खुशाल लावा, केस मऊ राहतील, डोके शांत वाटेल. पण ते राजाच्या नावावर महाग घेऊ नका. सरफोजींचा वारसा बाटलीत भरता येत नाही. चार पद्धतींचे वैद्य एकत्र बसवणे, रोगी नीट पाहणे, दिसले ते लिहिणे आणि लिहिलेले पुढच्याला दाखवणे, हा तो वारसा आहे. १९१८ पासून सरस्वती महाल सर्वांना खुला आहे. तिथे आपल्या मोडीतल्या कागदांचे ढीग वाचकांची वाट पाहत आहेत. तुमच्यापैकी जे तरुण आहेत त्यांनी मोडी शिकावी, ही माझी जुनी विनंती पुन्हा करतो. शिकायला काही आठवडे पुरतात.

आणि ज्यांच्या घरात कोणाला चाई आहे त्यांनी आज एवढे करावे: त्याच्या डोक्यावर हात ठेवावा आणि सगळ्यांच्या देखत सांगावे की हे लागत नाही. मग डॉक्टरांची वेळ घ्यावी.

पुढच्या भागात तंजावरच्या छत्रांविषयी बोलू. वाटसरू, आजारी माणसे आणि बाळंतिणी यांची तिथे कशी सोय होत असे, ते सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहून कळवले होते. तोवर रजा द्या. जय हिंद.