संजाणची हाडं आणि एकवीस नमुन्यांचं गणित

शहापूर-मुरबाडकडची जी मुलं पेट किंवा नेटची तयारी करतायत, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘दादा, आपल्या भागातले मूळचे लोक कोण, हे डीएनएवरून काढता येईल का?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला ‘मूळचे’ हा शब्दच अडचणीचा आहे. त्यावर थेट उत्तर देण्याऐवजी जवळचंच एक काम समजून घेऊ.

संजाण आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे, पण १९६० ला दोन राज्यं झाली तोपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. इराणमधून आलेले पारशी याच किनाऱ्यावर स्थिरावले, असं ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. हे फारसी काव्य साधारण १६०० च्या सुमारास लिहिलं गेलं, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथेच शंका यायला हवी. परंपरा खरी असेलही, पण तिला स्वतंत्र साक्षीदार कोण?

२००२ ते २००४ मध्ये संजाणला उत्खनन झालं आणि तिथला जुना दोखमा सापडला. दोखम्यात प्रेत उघड्यावर ठेवतात आणि उरलेली हाडं मधल्या विहिरीत जातात. या हाडांमधून ग्यानेश्वर चौबे, कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २१ नमुन्यांतून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मिळवला. तो पेपर २०१७ ला ‘जीनोम बायोलॉजी’मध्ये आला. नावात दुधात साखर विरघळल्याची प्रसिद्ध गोष्ट वापरलीय, आणि निष्कर्षही साधारण तसाच आहे: प्राचीन नमुन्यांपैकी ४८ टक्के मातृवंश दक्षिण आशियाई निघाले. सुरुवातीच्या वस्तीत स्थानिक स्त्रिया सामावल्या गेल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ लेखकांनी लावला.

आता मायटोकॉन्ड्रियाचाच डीएनए का? कारण तो टिकतो. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो ते हजारो. उष्ण आणि दमट जमिनीत डीएनएचे बारीक तुकडे होतात. सायटोसिनचं रासायनिक रूप बदलतं आणि सिक्वेन्सिंगमध्ये ते थायमिन म्हणून वाचलं जातं. हा बदल तुकड्यांच्या टोकांना जास्त दिसतो. गंमत म्हणजे हे नुकसानच आपल्या उपयोगाचं. टोकांना असा बदल नसेल तर तो डीएनए आजच्या माणसाचा, म्हणजे हाड हाताळणाऱ्याचा असण्याची शक्यता वाढते. संजाणसारख्या ठिकाणी ही भीती दुप्पट. खोदणारे, धुणारे, लॅबमधले बहुतेक सगळे दक्षिण आशियाई, आणि शोधायचा आहे तोही दक्षिण आशियाई मातृवंशच! म्हणून अशा कामात हाताळणाऱ्यांचे डीएनए आधीच नोंदवून ठेवतात.

तो ४८ टक्क्यांचा आकडा मात्र जरा थांबून बघा. २१ पैकी ४८ टक्के म्हणजे १० नमुने. कागदावर ९५ टक्क्यांचा विश्वासांतर काढलात तर उत्तर येतं साधारण २८ ते ६८ टक्के. म्हणजे ‘निम्म्या बायका स्थानिक होत्या’ असं वाक्य थिसिसमध्ये लिहिलंत तर व्हायवाला पहिला प्रश्न तिथेच येईल. शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईची ओळ सांगतो. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे १०२४ पूर्वज होतात, त्यांतल्या एकीचीच ही गोष्ट.

बापाची बाजू आणि काळ यांसाठी त्याच अभ्यासात आजच्या पारशांच्या जीनोमभर पसरलेल्या खुणा तपासल्या. दोन गट मिसळले की एका गटाकडून आलेले गुणसूत्रांचे लांब पट्टे पिढीगणिक तुटत जातात. जितके आखूड पट्टे तितकं मिश्रण जुनं. त्यावरून मिश्रण सुमारे १२०० वर्षांपूर्वीचं निघालं, आणि आजचे पारशी शेजाऱ्यांपेक्षा इराणी व कॉकेशसच्या लोकांना जास्त जवळचे दिसले. काव्य, हाडं आणि जिवंत माणसांचं रक्त, अशी तीन साक्षीदारांची जुळणी. मला हे काम आवडतं ते यासाठी.

असं नशीब सगळीकडे मिळत नाही. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा जीनोम हाती आला (२०१९, डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकारी), तोही अर्धवट. आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात दोनशेहून जास्त दफनं सापडली. लहान मुलं दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरलेली. पण २०१९ च्या त्या दोन्ही मोठ्या पेपरांत महाराष्ट्रातलं एकही हाड नाही. आणि नाणेघाट? घाटातून शतकानुशतकं व्यापारी गेले, नागनिकेचा लेख राहिला. पण लेखातून डीएनए निघत नाही. डीएनए हवा तर हाड हवं, आणि हाड सापडलं तरी आपल्या पावसात ते टिकायला हवं.

म्हणून इथे काम करायचं तर जिवंत लोकांच्या नमुन्यांवरच करावं लागेल, आणि तिथे जोखीम वेगळी आहे. इंग्रजांच्या काळात रिस्लीने नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड लावली. आमच्या विषयाने ती आठवण विसरून चालत नाही. कातकरी हा आदिम जमातींत मोडतो, त्यामुळे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स समितीची मंजुरी आणि समजून दिलेली संमती हवीच. छापील संमतीपत्रावर अंगठा घेतला की झालं, असं नाही. लाळेचा नमुना कुठे जाणार, किती वर्षं ठेवणार, निष्कर्ष कोणाला सांगणार, हे पाड्यावर बसून सांगावं लागतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर उठून यावं लागतं. वेळापत्रकही त्यांचं पाळायचं: दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. प्रपोजलमध्ये फील्डवर्क जानेवारीत दाखवलं असेल तर ते भाताच्या आवणीनंतर आणि दिवाळीच्या आत आणा.