फोटोत एकटी दिसणारी मुलगी

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचे लिटल रॉक शहर, ४ सप्टेंबर १९५७. डोळ्यांवर काळा चष्मा, छातीशी वही धरलेली पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड सेंट्रल हायस्कूलसमोरून चालली आहे. मागे गोऱ्यांचा जमाव. त्यातली एक मुलगी तिच्यावर ओरडते आहे, तीही पंधराचीच. विल काउंट्स यांनी टिपलेला हा फोटो आम्ही अभ्यासवर्गात सर्वात आधी दाखवतो. त्याखालची ओळ झाकतो. दोन मिनिटे फक्त बघायचे, मग दिसते तेवढेच सांगायचे. अर्थ नंतर.

मुलांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच शब्द येतो : एकटी. ती एकटी का होती, हा आमचा पुढचा प्रश्न.

खरे तर नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी एकत्र जाणार होते. ठरलेला निरोप फोनवरून गेला आणि एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता. शाळांमधील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच ब्राउन खटल्यात घटनाबाह्य ठरवला होता. तरी गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्डचे सैनिक आणून मुलांना अडवले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवले, तेव्हा २५ सप्टेंबरला नऊही जण लष्कराच्या पहाऱ्यात शाळेत गेले. तो न आलेला फोन, खटला लढणारे वकील, बाकीचे आठ जण फोटोत कुठेच नाहीत.

हक्क कागदावर आणि वाट अडलेली, हे आपल्या मुलांना समजावावे लागत नाही. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले १९२४ मध्ये. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, हजारोंनी मिळून.

दुसरा फोटो रोझा पार्क्स यांचा. मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघताहेत, मागे एक गोरा पुरुष. 'याच्यासाठीच त्या उठल्या नाहीत ना?' असे कोणीतरी विचारतेच. नाही. हा फोटो २१ डिसेंबर १९५६ चा, अटकेनंतर वर्षभराने, बसमधील भेदभाव संपला त्या दिवशी मुद्दाम जुळवून काढलेला. मागचा माणूस पत्रकार आहे. मधले ३८१ दिवस हजारो लोक बसवर बहिष्कार घालून पायी किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामावर जात होते.

आम्ही यावर इतका वेळ घालवतो, कारण एकाच चेहऱ्याचे पोस्टर बघत वाढलेली मुले 'आमच्यात असा कोणी नाही' म्हणून मोकळी होतात. (कार्यकर्तेही होतात, हे कबूल करायला हवे.) सतरंज्या अंथरणारे, वर्गणी गोळा करणारे, निरोप पोहोचवणारे कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

म्हणून वर्ग संपताना मुलांना काम देतो : घरात नामांतराच्या मोर्चाचा, निदान १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा जुना फोटो असेल तो आणा. घरातल्या मोठ्यांना विचारा, फोटो कोणी काढला, तेव्हा आजी कुठे होती, आणि त्या दिवशी भाकरी कोणी थापल्या.