जुन्या बोलपटातले गाणे कसे ऐकावे?

अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना 1936 सालचा 'संत तुकाराम' दाखवून पाहा. पहिली दहा मिनिटे चुळबूळ होईल. चित्र काळे-पांढरे, कॅमेरा फारसा हलत नाही आणि पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात. 'खऱ्या आयुष्यात असे कोणी गाते का?' असे कोणीतरी विचारीलच. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते : तंत्रात आणि आपल्या अवतीभवती.

आधी तंत्र पाहू. बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपावे लागे. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत. नट मायक्रोफोनपासून दूर गेला की आवाज क्षीण होई. साहजिकच तो एका जागी थांबून गाई. 1935 साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'साठी गाणी आधी ध्वनिमुद्रित केली आणि चित्रीकरण नंतर केले. तेव्हापासून कॅमेरा हळूहळू मोकळा झाला. तरीही पुढे काही वर्षे बरेच नट स्वतःच गात राहिले. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाचा चेहरा आणि आवाज एकाच माणसाचा आहे.

'संत तुकाराम'चे संगीतकार केशवराव भोळे यांचा जन्म अमरावतीचा, 1896 सालचा. पुढच्याच वर्षी, 1937 साली, प्रभातच्या 'कुंकू'लाही त्यांचेच संगीत होते. म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली तरुण नायिका तो संसार नाकारते, अशी ही कथा आहे. तीत पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. घड्याळ, ग्रामोफोन असे घरातलेच आवाज ऐकू येतात. त्यामुळे शांता आपटे गाऊ लागते तेव्हा ते गाणे सजावट वाटत नाही. तिचा विरोध वाटतो.

प्रभातमध्ये भोळे एकटेच अमरावतीचे नव्हते. 'शेजारी'चे (1941) लेखक विश्राम बेडेकर आणि त्यातले नट गजानन जागीरदार हेही अमरावतीलाच जन्मले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. जात्यावरच्या ओव्या, गाडगेबाबांचे कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी-भजने हे सारे याच वऱ्हाडातले. इथे माणसे दळताना, रडताना, भांडतानाही गात आली आहेत. मग पडद्यावरचे गाणे खोटे कसे?

हे बोलपट जपण्यालाही मर्यादा आहेत. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. या पदार्थातच ऑक्सिजन असल्याने ती पेटली की विझवणे फार कठीण जाते. पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत अशा फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. प्रती उरल्या, तरी मूळ फिल्म परत मिळत नाही.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. 'कुंकू'ची पाच मिनिटे वर्गात डोळे मिटून ऐकवावीत आणि मुलांना ऐकलेल्या आवाजांची यादी करायला सांगावी. मग तीच पाच मिनिटे दाखवावीत. या खेपेला चुळबूळ बहुधा कमी होईल.