घरातली हत्यारांची पेटी

२ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. आम्हा नाशिककरांना पूर नवा नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, असे एकमेकांना सांगत पुराचे माप घेण्याची आमच्याकडे रीत आहे. त्या मापावरून कोणत्या आळीने सामान हलवायचे ते ठरते. त्या दिवशी आम्ही धान्य हलवले, पुस्तके हलवली, देव हलवले. जिन्याखालच्या हत्यारांच्या दोन पेट्या मात्र विसरलो.

पाणी ओसरल्यावर त्या गाळातून बाहेर काढल्या. एक पेटी आजोबांची, सागवानी. आजोबा काही सुतार नव्हते, प्राथमिक शाळेत गुरुजी होते. पण घरातली खाट, पाट, खुंट्या स्वतः दुरुस्त करीत. पेटीत एक वाकस, एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, एक सांडशी, एक कानस, एक गुण्या आणि धार लावायचा दगड एवढाच ऐवज. दुसरी पेटी माझी. चार वर्षांपूर्वी मी ती हौसेने आणली होती. चकचकीत मुलामा दिलेले पासष्ट नग, आणि प्रत्येक नगाला प्लॅस्टिकमध्ये घडवलेली स्वतंत्र जागा. आणल्यापासून त्या पासष्टांतले सहा-सात नगच हाताळले गेले होते, हे आधीच कबूल करून टाकतो.

आजोबांची हत्यारे राखेने घासली, रॉकेलचा बोळा फिरवला, दगडावर धार धरली. ती कामाला लागली. रंध्याचे लाकूड फुगून पाते अडकले होते. सावलीत वाळवल्यावर पंधरा दिवसांनी तेही मोकळे झाले. माझ्या पेटीतली उलटसुलट फिरणारी मूठ मात्र आतून गंजून बसली. उघडून साफ करावी म्हटले, तर तिला कुठे स्क्रूच नाही. कारखान्यातच रिबिटे ठोकून ती कायमची बंद केलेली! गंज दोन्ही पेट्यांना सारखाच चढला होता. फरक इतकाच की एका पेटीतली वस्तू मला उघडता येत होती आणि दुसरीतली येत नव्हती.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढे निमित्त पुरते. आपल्या लोकांनी पूर्वी हत्यारे कशी निवडली असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे. तुमच्या घरात किंवा शाळेत लहानशी कार्यशाळा मांडायची असेल, तर या इतिहासाचा थोडा उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो.

सुरुवात आमच्या गावच्याच लेण्यांपासून करू. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. तिथल्या दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम कायमची ठेव म्हणून दिली. ही ठेव तिने कोणाकडे ठेवावी? सावकाराकडे नव्हे, तर गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत कुंभार होते, तेली होते, आणि ‘ओदयंत्रिक’ नावाचे लोक होते. पाण्याची यंत्रे करणारे, असा या शब्दाचा अर्थ अभ्यासक लावतात. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरच्या वाटेवर आहे. पाणी उचलण्याची साधने करणाऱ्यांची संघटना तिथे सतराशे वर्षांपूर्वी होती आणि लोक तिच्यावर औषधाच्या पैशासाठी विसंबत होते. बिघडलेले यंत्र नीट करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहणार, हा भरवसा नसता तर कायमची ठेव त्यांच्या हाती कोणी दिली असती?

कार्ल्याच्या चैत्यगृहातही असाच एक लेख आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या ‘वढकी’ने दार घडवले, असे तो सांगतो. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो हाच शब्द.

पुढे गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बहुतेक ठिकाणी थोरल्या कासेतले बलुतेदार झाले. शेतकऱ्याच्या घरी विळा, खुरपे, कुऱ्हाड, कुदळ, पहार, फार तर एक वाकस. बाकीचे काम बलुतेदाराचे, आणि त्याचा मोबदला सुगीला खळ्यावर. गाडीच्या चाकाला धाव चढवताना कधी पाहिले आहे का? चाकापेक्षा किंचित लहान केलेली लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, ती फुगली की चाकावर बसवतात, आणि पाणी ओतताच ती आवळून आरे, पाटे आणि तुंबा एकजीव करते. सुताराची करवत आणि लोहाराचा भाता जवळ असल्याखेरीज ते चाक होत नाही, आणि मोडले तर नीटही होत नाही.

या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणायला मी तयार नाही. हत्याराबरोबर ते हाताळण्याचा हक्कही जातीला बांधलेला होता. सुताराच्या मुलाने वाकसच धरायची आणि इतरांनी धरायची नाही, असा तो मामला. आमच्या पंचवटीतले काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी रामशेजच्या काळ्या दगडात बांधवले. त्याच मंदिराच्या दारात जाता यावे म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. गुरुजींनी पाट तासावा आणि कोणी नावे ठेवू नयेत, हे आजोबांच्या पिढीलाही फार सोपे नव्हते. घरोघरी हत्यारांची पेटी येते ही गोष्ट मला म्हणूनच साधी वाटत नाही.

पण त्या जुन्या कारागिरांचा एक नियम आपण उचलावा असा आहे. त्या काळ्या दगडावर टाकी चालवताना तिचे टोक वरचेवर बोथट होते. म्हणून दगडकामाच्या जवळ लोहाराची भट्टी लागतेच. टाकी शेवटायची, म्हणजे तापवून, ठोकून पुन्हा टोक काढायचे, आणि मग तिला पाणी द्यायचे. हे पाणी देणे काय असते, ते शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावे. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवले की ते काचेसारखे कडक होते आणि तितकेच ठिसूळही. मग घासून चकचकीत करून ते पुन्हा हलके तापवायचे. त्यावर रंग धावू लागतात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पटाशीला धार हवी, तर पिवळ्यावर थांबायचे. स्प्रिंगला लवचीकपणा हवा, तर निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. उष्णतामापक यंत्र नसताना लोहार नुसत्या डोळ्याने हे माप घेतो.

आता बेळगावला जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, पण रंगांचे काही भेद डोळ्यांना कळेनात, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. शिक्षकमंडळींनी हे लक्षात ठेवावे! १८८८ साली बेळगावला सायकलींचे दुकान निघाले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असा लोकांचा समज होता. पहिल्या नांगरांना दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही, असे सांगतात. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

नांगराची ही कथा पुष्कळांना माहीत असते. तिची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बघून घेई. लोखंडी नांगराचा झिजलेला फाळ काढून नवा बसवायला नट फिरवावे लागत. माझा तर्क असा की, शेतकऱ्याच्या घरात पान्हा शिरला तो या नांगराच्या आणि पाठोपाठ आलेल्या इंजिनाच्या सोबतीने. बलुतेदाराच्या हातातले दुरुस्तीचे काम तिथून घरधन्याच्या हातात येऊ लागले.

पान्ह्याबरोबर एक डोकेदुखीही आली. जुनी यंत्रे इंचात मोजलेली. आमचे मिस्त्री अजून ‘सुतात’ बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. १९५६ च्या कायद्याने आपण दशमान मापे स्वीकारली आणि नवी यंत्रे मिलिमीटरमध्ये येऊ लागली. तीन सूत म्हणजे जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर. अशा नटाला नऊचा पान्हा बसत नाही. दहाचा बसतो, पण सैल. जोर लावला की तो घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग तो नट छिनीने तोडण्यावाचून गती नाही. तेव्हा पान्ह्यांचा संच घेण्याआधी आपल्या विहिरीवरचा पंप कोणत्या मापाचा आहे ते पाहा. जुने आणि नवे दोन्ही असेल तर चांगला एकच सरकता पान्हा घ्या, आणि त्याचा जबडा हलवून तो डुगडुगत नाही ना, याची दुकानातच खात्री करा.

हत्यार कसे असावे हे नेमके लिहून ठेवलेला एक कागद मला फार आवडतो. जुलै १९२९ मध्ये गांधीजींच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा : यंत्र हलके असावे, झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे, बाईमाणसाला फार न शिणता आठ तास काम करता यावे, आणि तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. ते वीस वर्षे टिकावे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचावर, म्हणजे साडेसात रुपयांवर, जाऊ नये. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला होता. बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही. पण दुरुस्तीचा खर्च किमतीच्या जोडीने मांडणारी ती अट आजच्या कोणत्या जाहिरातीत दिसते सांगा. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार पुढे आला, तेव्हा मुलांच्या हाती आधी टकळी दिली गेली, तीही याच हिशेबाने : मोडली तर मुलाला स्वतः नीट करता यावी.

मग पेटीत काय असावे? करवत घेताना तिच्या दातावर दुकानातच तिधारी कानस हळूच फिरवून पाहा. दातांची टोके निळसर कडक केलेल्या करवती हल्ली मिळतात. त्या पहिल्यांदा सुरेख कापतात, पण कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. बोथट झाली की टाकायची. हातोडीचा दांडा लाकडी असावा आणि वर पाचर दिसावी, म्हणजे सैल झाला तर आपणच ठोकू. विजेचे ड्रिल सोयीचे खरे. पण बॅटरीवर चालणारे घ्याल तर नव्या बॅटरीची किंमत आधी विचारा, ती कित्येकदा यंत्राच्या जवळपास जाते. पैसे सढळ हाताने खर्च करायचे ते शेगड्यावर, ज्याला फिटर लोक वाइस म्हणतात. आपला जुना सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरी. पायाची बोटे हाच त्याचा शेगडा. आपल्याला ते साधणार नाही, आणि घट्ट न धरलेल्या वस्तूवर हत्यार घसरते ते थेट हातात शिरते. शेगड्याच्या जबड्यांच्या पट्ट्या स्क्रू काढून बदलता येतात की नाही, तेवढे बघा.

शाळांची एक अडचण मला ठाऊक आहे. अनुदान एकदम येते, मार्चअखेर खर्चायचे असते, म्हणून तयार पेटी मागवली जाते, कपाटात जाते, आणि हरवले तर भरून कोण देणार या धास्तीने कुलूप पडते. गुरुजी, माझी एक विनंती आहे. यादी करण्यापूर्वी महिनाभर मुलांना एक वही द्या. घरात, गोठ्यात, शाळेत काय काय मोडले आणि ते नीट करायला काय लागले, एवढेच त्यांनी लिहायचे.

मी स्वतः गेला महिना अशी वही ठेवली. बादलीची कडी निखळली, तिला सांडशी लागली. खुर्चीचा पाय डुगडुगला. वाकसीने पाचर तासून ठोकली. दार पावसाने फुगले, रंधा मारला. नळाचा वॉशर बदलला, तिथे सरकता पान्हा. भिंतीला भोक पाडायचे होते, एकदाच; ड्रिल शेजाऱ्यांकडून आणले आणि संध्याकाळी परत केले. धारेचा दगड मात्र सात वेळा काढावा लागला, त्यातले चार वेळा स्वयंपाकघरातल्या विळीसाठी. आजोबांचा तो दगड मध्ये खोलगट झाला होता. अंगणातल्या फरशीवर वाळू आणि पाणी टाकून तासभर घासला, तेव्हा सपाट झाला.